फळ्यावरचे शब्द आणि घुग्घुसची जमीन

भ्रंश, विदारण, निक्षेपण, विसंगती. हे शब्द मी बावीस वर्षं फळ्यावर लिहिते आहे. साताऱ्याच्या बाजूला, डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या एका शाळेत मी भूगोल शिकवते. खडकांचे प्रकार तीन, हे मुलं घडाघडा म्हणतात. पण वर्गाच्या खिडकीतून दिसणारा प्रत्येक डोंगर एकाच काळ्या बेसाल्टचा, माथ्यावर कुठे जांभा असेल तेवढाच काय तो फरक. गाळाचा खडक मी स्वतः पहिल्यांदा हातात घेतला तो कॉलेजच्या कपाटातला, चिकटवलेल्या चिठ्ठीसकट. म्हणून यंदा दिवाळीनंतर घुग्घुसच्या मामांनी फोनवर "तुझं सारं पुस्तक इथं उघडं पडलं आहे पोरी, एकदा येऊन पाहून तर जा" असं म्हटलं, तेव्हा मी लगेच तिकीट काढलं. मामा कोळसा खाणीत सर्व्हेचं काम करत निवृत्त झाले. जमिनीवर उभं राहून जमिनीखाली काय आहे ते कागदावर उतरवणं, हे त्यांचं आयुष्यभराचं काम.

नागपूरहून गाडीने चंद्रपूर, तिथून पडोलीच्या फाट्यावरून एसटी घुग्घुसच्या रस्त्याला लागली आणि रस्त्याच्या दोन्ही कडा काळ्या व्हायला लागल्या. तुरीची पानंसुद्धा राखाडी. ट्रकांची रांग कधी तुटलीच नाही. मामा स्टँडवर घ्यायला आले होते. रस्ता ओलांडायला थांबलो तेवढ्यात त्यांनी माझा पहिला धडा घेतला. "ट्रकात काय चाललं ते पाय." एकात कोळसा. मागच्यात लालभडक माती वाटावी असं लोहखनिज, गडचिरोलीतल्या सुरजागडच्या पहाडावरून आलेलं, इथल्या स्पंज आयर्नच्या कारखान्यासाठी. पलीकडे सिमेंटचा टँकर, म्हणजे मुळात चुनखडक.

मी मनातल्या मनात वयं मांडली. सुरजागडचं लोहखनिज २०० कोटी वर्षांहून जुनं. या भागातला चुनखडक १०० कोटींपेक्षा जुना. कोळसा २७-२८ कोटी वर्षांचा, म्हणजे या तिघांत लेकरूच. साताऱ्याचा माझा बेसाल्ट तर जेमतेम साडेसहा कोटींचा. पृथ्वीच्या इतक्या वेगवेगळ्या काळांतले दगड एका गावच्या एका चौकात एकामागोमाग एक जाताना मी आधी कधी पाहिले नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही ओबीच्या ढिगाऱ्याकडे गेलो. ओबी म्हणजे ओव्हरबर्डन, कोळशापर्यंत पोचण्यासाठी वरून काढून टाकलेली माती आणि दगड. घुग्घुस, नायगाव, मुंगोली, निलजई अशा खुल्या खाणींच्या या पट्ट्यात हे ढिगारे क्षितिजावर डोंगरांसारखे दिसतात. नवखा माणूस त्यांना डोंगरच समजेल. मामा म्हणाले, "माझ्या लग्नात इथं सपाट वावर होतं."

ढिगाऱ्याच्या पायथ्याशी मी गुडघे टेकून बसले आणि पुढचा दीड तास तिथून हलले नाही. नुकत्याच संपलेल्या पावसाळ्याने त्या उतारावर सगळं कोरून ठेवलं होतं. वर बोटभर रुंदीच्या ओघळी होत्या. खाली येताना त्या एकमेकींना मिळत हातभर खोल घळ्या झालेल्या. सगळं जाळं झाडाच्या फांद्यांसारखं, ज्याला आपण वृक्षाकार जलप्रणाली म्हणतो. घळ जिथे सपाटीला टेकली होती तिथे गाळाचा पंखा पसरलेला. पंख्याच्या मुठीशी सुपारीएवढे खडे, मध्ये वाळू, कडेला पिठासारखी बारीक माती. पाण्याचा जोर जसजसा ओसरतो तसतसं ते आधी जड ओझं टाकतं, मग हलकं, हे निक्षेपणाचं सूत्र मी पाठ करून घेते. इथे ते सहा पावलांत चालून जाता येत होतं. पंख्याच्या टोकाशी वाळलेलं डबकं, त्याच्या चिखलाला पंचकोनी-षट्कोनी भेगा.

आणि एके ठिकाणी, उताराच्या मध्यावर, मातीचे बारके खांब उभे होते. माझ्या पेनएवढे उंच. प्रत्येक खांबाच्या डोक्यावर एक चपटा दगड टोपीसारखा. पावसाच्या थेंबांनी आजूबाजूची माती उडवून नेली, दगडाखालची तेवढी वाचली. पुस्तकात यांना भूस्तंभ म्हणतात आणि चित्र दूरदेशीच्या दरीचं असतं. मी एका खांबावरची टोपी नखाने उचलली. खालची माती अगदी कोरडी आणि भुसभुशीत होती. पुढच्या पहिल्या सरीत तो खांब जाणार हे कळून मला उगाच अपराधी वाटलं. टोपी परत ठेवली.

डोंगर झिजायला लाखो वर्षं लागतात, कारण त्याला मुळं धरून ठेवतात, खडक एकसंध असतो. ढिगाऱ्यात यातलं काहीच नसतं. कोट्यवधी वर्षांच्या क्रमाने बसलेले थर इथे कालवून टाकलेले असतात. म्हणून झीज डोळ्यांदेखत होते, आणि तो गाळ नाल्यांतून शेवटी वर्धेत जातो. नदीचं पात्र उथळ झालं की पुराचं पाणी बाजूच्या वावरांत चढतं. जुलै २०२२ च्या पुरात चंद्रपूर जिल्ह्याने ते पाणी फार जवळून पाहिलं. ढिगाऱ्यांवर झाडं लावतात, काही जुने ढीग आता हिरवेही दिसतात. पण नव्या ढिगाला मूळ धरेपर्यंत प्रत्येक पावसाळा त्याचा एक पदर नेतोच.

मामांच्या जुन्या ओळखीने रीतसर परवानगी मिळाली होती. हेल्मेट घालून, ठरवून दिलेल्या जागेवरून, आम्ही खाणीत डोकावलो. समोरची कापलेली भिंत पायऱ्यापायऱ्यांची; अशा पायरीला खाणीत बेंच म्हणतात. खाली पिवळे डंपर काडेपेटीएवढे. सगळ्यांत वर काळी माती, इथे तिला कन्हार म्हणतात. तिच्याखाली पिवळट चिकणमाती आणि तिच्यात पांढरे चुनखडीचे खडे. मग पिवळा-तांबूस वाळूचा खडक, मग राखी-पांढरा, मध्ये शेलच्या काळपट रेघा, आणि तळाशी चकाकणारा कोळशाचा जाड थर. वर्धा खोऱ्यातला हा मुख्य थर साधारण १५ ते २० मीटर जाडीचा भरतो. पाच-सहा मजली इमारत उभी राहील एवढी निव्वळ अर्धवट कुजलेली आणि दाबलेली झाडं.

मामा प्रत्येक पट्टीचं नाव सांगत होते. तांबूस खडक कामठी, राखी-पांढरा बराकर. मला गंमत वाटली ती कामठीची. नागपूरजवळच्या कामठी गावाचं नाव भूशास्त्राने या खडकांना दिलं आणि ते कायमचं चिकटलं. खाणीतले लोक मात्र या भिंतीविषयी बोलताना घराचे शब्द वापरतात. कोळशाच्या वरचा खडक म्हणजे छत, खालचा म्हणजे फरशी. भूमिगत खाणीत काम करताना लोखंडी सळीने छत ठोकून पाहायचं. खणखणीत वाजलं तर पक्कं, ढब आवाज आला तर वर पदर सुटला आहे, तिथून बाजूला व्हायचं. "छत बोलते," मामा म्हणाले. "आयकणारा पाहिजे."

त्या रात्री जेवणं झाल्यावर मामांनी कपाटावरून एक पोतडी काढली. मामी म्हणाल्या, "झालं, आता बारा वाजवतात हे." पोतडीत त्यांनी नोकरीच्या काळात जमवलेल्या शेलच्या लाद्या होत्या. शेल म्हणजे चिखलाचा दगड; वहीच्या पानांसारखे त्याचे पदर सुटतात. मामांनी एका लादीच्या कडेला पातळ छिन्नी लावली, हातोडीने हलकेच तीन ठोके दिले. लादी पुस्तकासारखी उघडली. आत पान होतं.

एक अख्खं पान, वीतभर लांब, जिभेच्या आकाराचं. मधोमध ठसठशीत शीर आणि तिच्यातून कडेकडे वळत गेलेल्या बारीक शिरांचं जाळं. काळ्या कोळशाचा पातळ पापुद्रा, राखी दगडावर. ग्लॉसोप्टेरिस. नावातच जीभ आहे. २७-२८ कोटी वर्षांनी त्या पानावर उजेड पडला होता, तोही घुग्घुसच्या एका ओसरीतल्या ट्यूबलाइटचा. आम्ही तिघंही काही वेळ बोललो नाही. मग मामींनी हळूच विचारलं, "कोणतं झाड म्हणायचं हे?" त्याचा आज कुणी वारस नाही, असं मी सांगितलं. थंड, दलदलीच्या प्रदेशात वाढणारी आणि पानं गाळणारी ही झाडं. पानांचे थरच्या थर मिळतात ते त्यामुळेच. दलदलीत हवा पोचत नाही, म्हणून पाला-लाकूड पूर्ण कुजत नाही. वर गाळ साचत जातो, वजन आणि उष्णता वाढते, पाणी आणि वायू निघून जातात आणि कार्बन मागे राहतो.

हेच पान १९१२ साली अंटार्क्टिकावर सापडलं. कॅप्टन स्कॉटची तुकडी दक्षिण ध्रुवावरून परतताना बेअर्डमोर हिमनदीजवळ दगड गोळा करायला थांबली होती. उपासमार आणि थंडीने ती माणसं वाटेतच गेली, पण त्यांच्या तंबूपाशी १६ किलो दगड मिळाले. ते त्यांनी शेवटपर्यंत टाकले नव्हते. त्या दगडांत ग्लॉसोप्टेरिस होतं. दक्षिण अमेरिका, आफ्रिका, ऑस्ट्रेलिया, अंटार्क्टिका आणि घुग्घुस या सगळीकडे एकच पान, कारण तेव्हा ही सगळी जमीन एक होती.

त्या एकसंध भूखंडाला जग ज्या नावाने ओळखतं ते नाव इथलं आहे. गोंडवाना. चांद्याच्या, म्हणजे चंद्रपूरच्या, गोंड राजांचा, गोंड लोकांचा हा मुलूख. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातल्या हेन्री मेडलिकॉटने १८७२ मध्ये या खडकमालिकेसाठी गोंडवाना हे नाव वापरलं, ओटोकार फाइस्टमांटेलने १८७६ मध्ये ते छापील लेखनात आणलं, आणि १८८५ मध्ये व्हिएन्नाच्या एडुआर्ड झ्यूसने सगळ्या दक्षिणी भूखंडांसाठी गोंडवानालँड हा शब्द रूढ केला. याच सुमारास, १८७७ मध्ये, टी. डब्ल्यू. एच. ह्यूजचा वर्धा खोऱ्यातल्या कोळशावरचा सविस्तर वृत्तांतही प्रसिद्ध झाला. जगातल्या कुठल्याही भूगोलाच्या वर्गात गोंडवाना शब्द उच्चारला जातो तेव्हा या जंगलपट्ट्याचं नाव घेतलं जातं. जिवतीच्या आणि राजुऱ्याच्या डोंगरांत आजही गोंडी बोलणाऱ्या मुलांना त्यांच्या शाळेत हे कुणी ठासून सांगतं का, हा विचार मला त्या रात्री बराच वेळ झोपू देईना.

तिसऱ्या दिवशी भ्रंश कळला. मामांनी जुन्या पाठकोऱ्या कागदावर पेन्सिलीने कोळशाचा थर, म्हणजे सीम, काढला, किंचित उतरता. मध्येच एक तिरकी रेघ मारली आणि रेघेच्या पलीकडचा थर बोटभर खाली सरकवला. "आम्ही खोदत चाललो, चाललो, आणि हा फॉल्ट आला. सीम गायब. समोर नुसता दगड. आता वर शोधायची का खाली?" मी उत्तर देऊ शकले, कारण वर्गात शिकवते: भ्रंशपातळी कोणत्या बाजूला कलली आहे ते पाहायचं, सहसा तिच्या वरची बाजू खाली घसरलेली असते. मामांनी समाधानाने मान हलवली. एका रेघेच्या चुकीवर खाणीचे महिने वाया जाऊ शकतात, म्हणून ती रेघ मारताना त्यांचा हात कापायचा, असं त्यांनी सांगितलं.

अशाच भ्रंशांनी इथला कोळसा वाचवला. प्राणहिता-गोदावरीचं खोरं ही एक खचदरी आहे. दोन बाजूंना मोठे भ्रंश, मधला जमिनीचा पट्टा कोट्यवधी वर्षं सावकाश खचत गेलेला. खचत गेला म्हणून तिथे नद्या गाळ टाकत राहिल्या, दलदली साचत राहिल्या. आणि खाली उतरला म्हणूनच वरच्या झिजेतून सुटला. आजूबाजूच्या उंच भागावर कधी कोळसा असलाच, तर तो कधीच धुऊन गेला. वर्धा खोऱ्यातला कोळसापट्टा हे त्या खचदरीचं वायव्येकडचं टोक. घुग्घुस तिथे बसलेलं आहे.

खचणे हा शब्द मामांनी त्या दिवशी आणखी एकदा उच्चारला, तेव्हा त्यांचा आवाज बदललेला होता. ऑगस्ट २०२२ मध्ये घुग्घुसच्या अमराई वॉर्डात एक राहतं घर काही क्षणांत जमिनीत गेलं. भिंती, छप्पर, आतलं सामान, सगळंच खाली, आणि वर उरला एक खोल खड्डा. घरातली माणसं वेळेत बाहेर पडली म्हणून वाचली. आजूबाजूच्या कुटुंबांना घरं सोडून दुसरीकडे जावं लागलं. त्या वस्तीखाली जुनी भूमिगत खाण होती.

भूमिगत खाणीत कोळसा सगळाच्या सगळा काढत नाहीत. चौकोनी खांब सोडतात, त्यांच्यामधून बोगदे काढतात, खांबांवर छत तोललेलं असतं. काही ठिकाणी शेवटी खांबही काढून घेतात आणि पोकळी नदीच्या वाळूने भरतात किंवा छत बसू देतात. खाण बंद झाली की आत पाणी साचतं, वर्षानुवर्षं खांबांचे कोपरे सुटत राहतात, छताचा एक एक पदर गळून पडत पोकळी वर वर सरकते. खोल खाणीत ही पोकळी पडलेल्या दगडांनीच वाटेत भरून जाते. फुटलेला दगड अखंड दगडापेक्षा जास्त जागा घेतो ना. पण खाण उथळ असेल आणि वर मऊ खडक व माती असेल, तर ती पोकळी पृष्ठभागापर्यंत पोचते. शेवटचा हातभर जाडीचा थर कोसळेपर्यंत वर काहीच दिसत नाही. अंगण सारवलेलं असतं, तुळस हिरवी असते.

आम्ही तिथे गेलो नाही. मामांनी चौकातूनच हात करून दिशा दाखवली. म्हणाले, "जुने नकाशे असतात. कोणता खांब सोडला, कोणता काढला, सारं मांडलेलं असते. घर बांधणाऱ्याच्या हाती तो कागद पडला पाहिजे होता." मग थोडं थांबून, "आम्ही थे कागद काढले कोणासाठी?" तीस वर्षं जमिनीखालचं कागदावर उतरवणाऱ्या माणसाचा तो प्रश्न मी जसाच्या तसा लिहिते आहे. खुल्या खाणीची जखम सगळ्यांना दिसते. भूमिगत खाणीची माहिती शब्दांत आणि नकाशांतच असते. ती वस्तीपर्यंत उतरली नाही तर माणसं पोकळीवर चूल मांडतात.

दुपारी नात्यातल्या एका काकाजींच्या वावरात गेलो. कापसाची वेचणी चालू होती. मी मातीचं विचारलं तर काकाजींनी धुऱ्यावर उभं राहून हात फिरवला. नाल्याकडचा खोलगट भाग कन्हार, त्याच्या वरचा मोरंड, मधला चढ खरडी, आणि माथ्यावरची खडेदार ती बर्डी. एकाच वावराच्या उतारावर चार नावं. माझ्या पुस्तकात या सगळ्याला मिळून एकच शब्द आहे, रेगूर, आणि तोही तेलुगूतल्या रेगडीवरून आलेला. काकाजींची नावं खोली, रंग, पाणी धरण्याची ताकद, सगळं एकदम सांगतात. कन्हारात गहू-हरभरा ओलीवर निघतो, बर्डीवर तिळाशिवाय काही पेरू नये, हे त्या नावातच आलं. उन्हाळ्यात कन्हाराला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, वरची माती भेगांत पडते, पावसात फुगून सगळं पुन्हा वर येतं. ही जमीन आपली आपणच नांगरून निघते.

याच जिल्ह्यात पूर्वेला मूल, सिंदेवाही, ब्रह्मपुरीकडे गेलं तर कापूस संपतो, धान सुरू होतो आणि शब्दही बदलतात. तिकडे जुना ग्रॅनाइट-नाइस खडक, वाळूसर माती, आणि उतारावर बांध घालून केलेल्या बोड्या, तलाव. खालचा खडक बदलला की ताटातला भात-भाकरीचा हिशोब बदलतो.

चौथा दिवस पैनगंगेसाठी ठेवला होता. ही गोष्ट मला लहानपणापासून कुणीतरी सांगायला हवी होती. चंद्रपूरच्या पश्चिमेला पैनगंगेच्या काठावर इरई नावाचं गाव आहे. तिथे १८७० च्या दशकात भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या फ्रान्सिस फेडनला नदीकाठच्या चुनखडकाचा एक पृष्ठभाग आढळला, घासून गुळगुळीत झालेला आणि त्यावर एकाच दिशेने गेलेले समांतर ओरखडे व खोबण्या. त्यावर गोट्यांचा, धोंड्यांचा थर. नदीचं पाणी दगड गुळगुळीत करतं, पण असे सरळ ओरखडे काढत नाही. ते काम बर्फाचं. सरकणाऱ्या बर्फाच्या तळाशी गोठून बसलेले धोंडे खालचा खडक ओरबाडत जातात.

म्हणजे उन्हाळ्यात ४५-४६ अंश तापणाऱ्या या जिल्ह्यावर सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वी बर्फाची चादर होती. तेव्हा ही जमीन दक्षिण ध्रुवाच्या बाजूला होती. ओडिशातल्या तालचेर गावावरून या थराला तालचीर म्हणतात. असेच ओरखडे दक्षिण आफ्रिकेत आहेत, ऑस्ट्रेलियात आहेत, आणि खंड सरकतात हे मांडताना आल्फ्रेड वेगेनरने याच बर्फाच्या खुणांचा आधार घेतला.

पाणी अजून बरंच होतं, त्यामुळे तो मूळ पृष्ठभाग आम्हाला शोधता आला नाही. काठावर मात्र चुनखडकाच्या लाद्या पायऱ्यांसारख्या बाहेर आलेल्या, गुलाबी आणि राखी. एका घळीत हिरवट मातीत रुतलेले धोंडे दिसले. मामांनी एक उपसला, नदीच्या पाण्यात धुतला आणि माझ्या ओंजळीत दिला. नारळाएवढा, पण गोल नाही. एक बाजू करवतीने कापल्यासारखी सपाट, आणि तिच्यावर नखाने काढाव्यात तशा सहा-सात रेषा. मी अंगठा रेषांवरून फिरवला. रेषा अंगठ्याला लागत होत्या.

चुनखडक १०० कोटी वर्षांहून जुना, वरचा धोंड्यांचा थर ३० कोटींचा. त्या घळीत दोन्हींच्या मधल्या सांध्यावर माझ्या तळहाताची कड बसत होती. त्या सांध्यात किमान साठ-सत्तर कोटी वर्षं हरवली आहेत. त्या काळाचा गाळ इथे साचला नाही, किंवा साचून वाहून गेला. विसंगती म्हणतात ती ही. वर्गात मी तिची व्याख्या दोन ओळींत सांगते आणि पुढे जाते.

परतताना वढ्याला उतरलो. इथे पैनगंगा वर्धेला मिळते. कार्तिक पौर्णिमेची यात्रा नुकतीच होऊन गेली होती. विठ्ठल-रुक्मिणीच्या देवळापाशी उसाची चिपाडं, विझलेल्या चुली आणि गाडग्यांचे तुकडे. पलीकडच्या तीरावर जुगादचं जुनं शिवालय. मी वाळूत बसून गोटे वेचायला लागले. काळे, जड गोटे बेसाल्टचे. पैनगंगा अजिंठ्याच्या डोंगररांगेतून येते आणि वर्धा सातपुड्यातल्या मुलताईच्या पठारावरून, दोघींच्या वाटेवर लाव्ह्याचे खडक आहेत. अर्धपारदर्शक, मधाच्या रंगाच्या गारगोट्या म्हणजे त्याच लाव्ह्याच्या पोकळ्यांत साचलेला अकीक. चपटे, राखी-गुलाबी तुकडे चुनखडकाचे, हे मात्र वाटेत शेवटी मिळालेले, म्हणून अजून कोपरेदार. तांबूस, खरखरीत ते कामठीचे. आणि कोळशाचे हलके खडे, पाण्याने पार गोल झालेले.

हीच वर्धा पुढे चपराळ्याजवळ वैनगंगेला मिळते आणि दोघी मिळून प्राणहिता होतात. वैनगंगा पूर्वेच्या जुन्या खडकांतून येते, तिच्या गोट्यांत नाइस आणि क्वार्ट्झ असणार. तिथून खाली सिरोंचाजवळ प्राणहिता गोदावरीत जाते. त्याच टापूतल्या कोटा गावाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या थरांत डायनासोरच्या काळातले मासे दगड होऊन पडलेले आहेत, आणि वडधमला दगडी झाडं. तिकडे जायला या वेळी सवड नव्हती. मी रुमालात पाच गोटे बांधले. मामा म्हणाले, "पाचवीले एक नदी द्यायची. कोणत्या डोंगरातून आली थे गोटे पाहून सांगा म्हणावं."

निघायच्या दिवशी दुपारी ओसरीवर बसलो होतो. पिशवी भरून झाली होती. ग्लॉसोप्टेरिसची लादी मामींनी जुन्या लुगड्याच्या चिंधीत गुंडाळून, वरून वर्तमानपत्र लावून सुतळीने बांधली होती. ओरखड्यांचा धोंडा मात्र आम्ही घळीतच परत ठेवला होता. समोर पाण्याचा पितळी पेला. लांबून भोंगा वाजला. मामांनी हात वर करून मला गप्प बसवलं आणि पेल्याकडे बोट केलं.

पाण्यावर एकाएकी बारीक वर्तुळं उमटली. खिडकीची काच किंचित थरथरली. आवाज नाही. मामा बोटांवर मोजत होते. एक, दोन, तीन, चार, पाच. मग कुठून तरी खाणीतल्या सुरुंगाचा दबलेला धडाम आला. खडकातून लहर सेकंदाला काही किलोमीटर धावते, हवेतून आवाजाला एक किलोमीटर जायला जवळपास तीन सेकंद लागतात. भूकंपलेखकावरही असंच, वेगवेगळ्या वेगाच्या दोन लहरी किती अंतराने पोचल्या ते आपण मोजतो.

"पाच-सहा मोजले म्हणजे दोन किलोमीटर," मामा म्हणाले. "नवीन बेंच लागली."

पेल्यातलं पाणी पुन्हा स्थिर झालं. मामींनी तो उचलून माझ्या हातात दिला, म्हणाल्या, "पी अन् निघ, गाडी चुकेल."